सांदवाडी कुणाच्या नावावर?

दसरा झाला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पहाटेचा गारवा सुरू होतो. पावसाळ्यात बांधावर फुकट मिळणारा तरोटा, कुरडू आता संपलेला असतो आणि बाजारातली भाजी रोजमजुरीच्या पैशात परवडत नाही. घरामागच्या सांदवाडीत मेथी, पालक, सांबार, मुळा, लसूण लावायचे दिवस ते हेच. जमिनीत ओल असते, ऊन उतरलेले असते. मेथी महिन्याभरात खुडायला येते, लसणाला मात्र चार महिने लागतात. पेरायला उशीर झाला, तर विहीर तळाला जाते तेव्हा वाफे अर्धेच वाढलेले असतात.

आणि नेमके हेच दिवस कापूस वेचणीचे! दिवसभर कमरेला ओटी बांधून किलोच्या हिशेबाने वेचायचे, घरी येऊन चूल पेटवायची, मग उरलेल्या उजेडात वाफे करायचे. या कामाला घरात कुणी काम म्हणत नाही. 'तिला आवड आहे,' असे म्हणतात.

२०१८ मध्ये पोषण अभियान आले. 'उमेद'च्या बचतगटांतूनही परसबागेचा प्रचार झाला. बाईच्या अंगात रक्त कमी आहे, तिने घरची पालेभाजी खावी, हे बरोबरच आहे. पण बी देताना, वाफ्याची आखणी शिकवताना एक प्रश्न कुणी विचारत नाही. ही जागा कुणाची?

'नाव कुणाचेही असो, भाजी तर तीच उगवते ना?' असे आम्हा कार्यकर्त्यांना ऐकवले जाते. मैत्रिणींनो, तीच उगवत नाही. जिला पुढच्या वर्षी ही जागा आपल्याकडे राहील याची खात्री नाही, ती मेथी पेरते. लिंबाचे झाड लावत नाही. लिंबू फळायला चार-पाच वर्षे लागतात, एवढी वाट बघण्याची तिची ऐपत नसते. दिराला खोली बांधायची झाली, की पहिली कुदळ सांदवाडीवर पडते. नवरा गेला, की सासरच्या घरातली तिची जागाच डळमळते, तिथे वाफ्याची काय कथा! शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला हवे का?

या जिल्ह्यात वेचणीच्या आरंभी सीतादही करतात. राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतेचे मंदिर आहे, आणि त्यात राम नाही. कथा अशी सांगतात, की रामाने टाकलेली सीता इथे बाळंत झाली. तिने गावाकडे मूठभर गहू मागितला. गावाने दिला नाही, तेव्हा या गावात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला. आपण शापाची गोष्ट सांगतो, पण तिला मागायची वेळ का आली, हे विचारत नाही. राजाची राणी, आणि स्वतःची म्हणावी अशी वाफाभर जमीन नाही!

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी बायका प्रचंड संख्येने जमल्या होत्या. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ही गोष्ट मोठीच होती. तरी घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे, ही भाषा आपल्याला पुरेशी नाही. ऋण फेडणे देणाऱ्याच्या मनावर असते. हक्क मनावर नसतो.

कायदे आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. सांदवाडी गावठाणात असेल, तर तिची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराबरोबर असते. आणि ही नोंद दोघांच्या नावे करावी, असे 'घर दोघांचे' हे धोरण सरकारने २००३ मध्येच जाहीर केले आहे. तुमच्या घराच्या उताऱ्यावर तुमचे नाव आहे का? कधी बघितलात?

म्हणून यंदा बी वाटायला गटाची बैठक बसेल, तेव्हा प्रत्येकीने घराचा नमुना ८ काढून आणावा. ज्यांचे नाव नाही त्यांचे अर्ज तिथेच लिहावेत, आणि सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीत जाऊन ते द्यावेत. पोच घेतल्याशिवाय परतू नये. मासिक सभेत काय ठरले ते पुन्हा जाऊन विचारावे. एकटीला परत पाठवणे सोपे असते, वीसजणींना नाही.

मेथी पेरायचीच आहे. पण तिच्या शेजारी लिंबाचे रोपही लावता आले पाहिजे.