मोटारसायकलला दांडी जोडताना

माझे मत आधीच सांगून टाकतो. घरी बनवलेला ट्रेलर मोटारसायकलच्या मागे जोडून रस्त्यावर नेऊ नये. पण तो कसा जोडता येईल, याचा विचार मात्र नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करावा. ही दोन मते एकाच डोक्यात कशी राहतात, असे माझा एक जुना विद्यार्थी मला रागाने विचारतो. त्याचीच हकीकत सांगतो.

हा मुलगा एका संध्याकाळी ठाकुर्लीला माझ्या घरी आला. त्याच्याकडे ३५० सीसीची मोटारसायकल आहे आणि फिरण्याची भारी हौस. तंबू, स्टोव्ह, हत्यारे, पाणी हे सगळे पाठीवर आणि कॅरियरवर बांधून त्याची कंबर मोडते. म्हणून स्कूटरची दोन जुनी चाके लावून त्याने एक लहानशी गाडी तयार केली होती. राहिला होता तो जोड. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर त्याने तो काढून आणला होता. कॅरियरला एक पट्टी, तिला भोक, गाडीच्या दांडीला भोक, आणि दोन्हींतून एक उभा बोल्ट. “यात काय सर, दोन अँगल आणि एक बोल्ट. फॅब्रिकेशनवाला अर्ध्या तासात करून देईल.”

करून देईल, यात मलाही शंका नव्हती. आणि बोल्ट तुटेल, अशीही मला भीती नव्हती. १२ मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी बोल्ट एक-दोन टनांचा ताण सहज सोसतो; येथे सामानासह सगळी गाडी ६० किलोची. मी त्याला एवढेच विचारले, “वळणावर तुझी मोटारसायकल काय करते?”

“कलते,” तो म्हणाला.

“आणि ट्रेलर?”

येथे तो गप्प बसला. तुम्हीही क्षणभर थांबून विचार करा. दोन चाके एकामागे एक असलेले वाहन वळताना आत कलावेच लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने, ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा कल सुमारे २३ अंश येतो. (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले ९.८, हे त्या कोनाचे टॅन. अकरावीला गेल्यावर पडताळून पाहा.) ट्रेलरची दोन चाके मात्र शेजारी-शेजारी, तो कलत नाही. म्हणजे जोडाच्या एका बाजूचे लोखंड २३ अंश पिळले जाणार आणि दुसऱ्या बाजूचे सरळ उभे राहणार. उभ्या बोल्टाला डावी-उजवीकडे वळता येते, पण पिळता येत नाही. मग एकतर पट्टी पिळवटेल, नाहीतर ट्रेलर मोटारसायकलला कलूच देणार नाही. वळणावर कलता न येणारी मोटारसायकल कोठे जाते, हे सांगायला नको.

शरीरशास्त्रात तुम्ही बिजागरीचा सांधा आणि उखळीचा सांधा शिकला आहात. गुडघा एकाच दिशेने वाकतो, खुबा सर्व बाजूंना फिरतो. आमच्या जोडाला वळणे, गतिरोधकावर वर-खाली होणे आणि पिळणे, या तिन्ही हालचाली हव्या होत्या. मोटारींच्या मागे असतो तसा गोळा आणि वाटी घेतली तर पहिल्या दोन्ही मिळतात, तिसरी थोडीशीच, कारण वाटीची कड गोळ्याच्या मानेला अडते. शेवटी आम्ही जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा जुना क्रॉस घेतला, आणि दांडीचा नळ दुसऱ्या नळात आपल्या अक्षाभोवती फिरेल असा बेअरिंगवर बसवला. कॅरियर सोडून जोड थेट चासीला घेतला. हे सारे जमायला तीन रविवार गेले, आणि खरे सांगायचे तर मलाही पहिल्या रविवारी नळाची कल्पना सुचलेली नव्हती.

मग आम्ही ट्रेलर भरला आणि भंगारवाल्याचा हुक असलेला स्प्रिंगचा काटा आणून दांडीचे टोक त्याला टांगले. हा भाग मला सर्वांत आवडला. जोडापासून ट्रेलरच्या आसापर्यंतचे अंतर १५० सें.मी. काटा ६ किलो दाखवत होता. एकूण भाराच्या साधारण एक दशांश भार दांडीवर असावा असा संकेत आहे, तेव्हा हे उत्तम. आता १० किलोची पाण्याची कॅन, जी आसाच्या ४० सें.मी. पुढे होती, ती ६० सें.मी. मागे सरकवायची. काटा किती दाखवील? तो म्हणाला, “पाच तरी दाखवेल.” काट्याने दाखवले २. दहा गुणिले साठ भागिले दीडशे, म्हणजे ४ किलो कमी. साधी तरफ, आस हा टेकू. एक कॅन हलवली की सगळा तोल बदलतो. आणखी थोडी मागे नेली असती तर दांडी वर उचलली गेली असती.

खेड्यातल्या मुलांना हे नवे नाही. मागे जास्त भरलेल्या बैलगाडीला ‘उलाळ’ हा शब्दच आहे. पुढे जास्त भरली तर जू बैलांच्या मानेवर बसते. उसाच्या गाड्यांत हेच होते, आणि म्हणून सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये दोन बैलांच्या मध्ये टेकणारे तिसरे चाक तयार केले. मानेवरचा भार जमिनीवर गेला. त्या मुलांचे मला फार कौतुक वाटते. बैल मात्र सावकाश चालतो, उलाळ गाडी त्याच्या मागे झुलू लागत नाही. वेगात जाणाऱ्या वाहनामागे मागे जड ट्रेलर असला की एक लहानसा हिसका पुरतो. शेपूट हलू लागते आणि प्रत्येक झोक्याबरोबर झोका वाढतो.

“मग बुलेट सांती कशी चालते?” हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा जोड बसवला आणि तिला शेतीची अवजारे लावली. पण त्यामुळे ती तीन चाकी झाली, कलण्याचा प्रश्नच संपला. शिवाय शेतात वेग तो किती! आणि ट्रेलरला ब्रेक नसतो, हे आम्ही दोघेही विसरलो होतो. मोटारसायकल आणि स्वार मिळून २५० किलो, ट्रेलरसह ३१०. ब्रेकचे बल तेवढेच राहिले तर २० मीटरांत थांबणारे वाहन जवळजवळ २५ मीटरांत थांबेल. माळशेजच्या उतारावर, पावसात, ते पाच मीटर कोठून आणायचे?

कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटारसायकलच्या व्याख्येत सुट्या साइडकारचा उल्लेख आहे, ट्रेलरचा नाही. ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारे फेरफार कलम ५२ ने मना केले आहेत. आपल्याकडे ‘जुगाड’ म्हणून अशा गोष्टींचे हल्ली फार कौतुक होते. मला ते पटत नाही. आपला जोड आपल्याच जिवावर बेतला तर ती एक गोष्ट. मागून सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलाने आपल्या वेल्डिंगवर का विश्वास ठेवावा? वेल्डिंग पहिल्या दिवशी तुटत नाही. खड्ड्याखड्ड्याला थोडेथोडे वाकून धातू थकतो आणि हजाराव्या खड्ड्यात तुटतो. तार पुढेमागे वाकवून तोडताना तुम्ही हे पाहिले आहे. हे तपासायला यंत्रे लागतात. ती आमच्याजवळ नव्हती.

शिक्षक बंधुभगिनींना मात्र एक विनंती आहे. ‘एका वजनरहित दांड्याच्या टोकाला’ अशी सुरुवात असलेली गणिते आपण वर्षानुवर्षे घालतो. त्यांऐवजी भाजीवाल्याची हातगाडी आणि एक काटा वर्गात आणा. तरफेचे उत्तर चुकले की हातालाच कळते.

मोटारसायकल ट्रेलरशिवाय गोव्याला जाऊन आली, सामान दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत मावले. ट्रेलरला त्याने हाताने ओढायची मूठ लावली आहे. पाण्याची टंचाई असली की सोसायटीतले लोक तो मागून नेतात. जोड माझ्या टेबलावर आहे. तीन रविवार फुकट गेले, असे तो अजून म्हणतो. मी त्याला परवा विचारले, ती कॅन बरोबर आसावर ठेवली असती तर काट्याने किती दाखवले असते? त्याने कागद न घेता उत्तर दिले. तुम्ही कागद घ्यायला हरकत नाही.