पीसीओएस हा काही ‘मोठ्या घरचा’ आजार नाही

वस्तीत मुलींची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो, तोही सगळ्या उठून गेल्यावर, दाराशी थांबून. “ताई, चार-चार महिने पाळी येत नाही. काही होतं का?” मागच्या वर्षी हे विचारणारी मुलगी एकोणीस वर्षांची होती. हनुवटीवरचे केस ओढणीने झाकलेले. मावशीचं म्हणणं, लग्न झालं की होईल नीट. गल्लीतल्या दवाखान्यात पाळी येण्याच्या गोळ्या मिळाल्या. आजार कोणता ते कुणी सांगितलं नाही. दुसरीकडे आधी सोनोग्राफी करून या म्हणाले. आईच्या मजुरीत ते बसेना, म्हणून सगळंच राहिलं.

माझा आक्षेप इथेच आहे. सोनोग्राफी नाही म्हणून निदान नाही, हे शास्त्राला धरून नाही. 2003 च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत दिसणारं अंडाशय. पहिल्या दोन असतील तर तिसरीवाचून अडत नाही. 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका तर म्हणते, पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नका. त्या वयात निरोगी मुलींचं अंडाशयही तसंच दिसू शकतं. आमच्या मुलीला पाळी येऊन सहाच वर्षं झाली होती! थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे आजार मात्र रक्त तपासून आधी वगळावे लागतात.

ज्याला ‘गाठी’ म्हणून घाबरवतात त्या गाठी नसतातच, वाढ अर्धवट राहिलेली बीजकोषं असतात. खरा धोका वेगळा आहे. पुढे मधुमेह जडू शकतो. पाळी वर्षानुवर्षं लांबत राहिली तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. आणि हे फक्त जाड, बसून खाणाऱ्या बायकांना होतं असं नाही. सडपातळ मुलींनाही होतं.

कारण न शोधता इलाज उरकायचा, हे आपल्या बायकांच्या वाट्याला नेहमीचंच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ती उगाच नाही.

1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाईचं आरोग्य त्यांनी सभागृहात बोलायचा विषय मानला. आणि आपले भाऊ? सावित्रीमाईंवर तासभर बोलतात, पाळीचा विषय निघाला की चहाला बाहेर जातात. जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर, चष्मे सगळं असतं. पाळीच्या तारखा विचारणारं एक टेबल का नसावं? त्याला मशीन लागत नाही.

त्या मुलीला मी सरकारी रुग्णालयात नेलं. सोबत सहा महिन्यांच्या तारखांवर खुणा केलेलं कॅलेंडर होतं. डॉक्टर मॅडमनी ते आधी पाहिलं, हनुवटी पाहिली, रक्त तपासायला सांगितलं. निदान सोनोग्राफीवाचून झालं. परत येताना रिक्षात तिने विचारलं, “ताई, मावशीला काय सांगू?” मी म्हटलं, आजाराचं नाव सांग.