रिकामी बाटली कोणाची?

मुंबईत वाढलेल्या वाचकांना आरेच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी बाटली केंद्रावर द्यायची आणि भरलेली घ्यायची. इथे न्यूझीलंडमध्येही १९८० च्या दशकापर्यंत दूध काचेच्या बाटलीतून दारात येत असे. दोन्हीकडे हे काही पर्यावरणाच्या प्रेमापोटी चालले नव्हते. बाटली महाग होती, ती परत आली तरच व्यवहार परवडत होता. पुढे प्लॅस्टिक स्वस्त झाले आणि रिकाम्या वस्तूची जबाबदारी विकणाऱ्याकडून निघून नगरपालिकेकडे, म्हणजे आपण भरतो त्या रेट्सकडे आली.

आता मोठ्या कंपन्या पुन्हा माल परत घेण्याची, त्यातून नवा माल बनवण्याची भाषा बोलू लागल्या आहेत. त्यांना हे करायला काय भाग पाडते? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिली, गिऱ्हाइकांचे मत. इथल्या मोठ्या सुपरमार्केटांनी प्लॅस्टिक पिशव्या बंद करण्याचे २०१७ मध्येच जाहीर केले. बंदीचा कायदा १ जुलै २०१९ ला आला. म्हणजे लोकमताने सुरुवात झाली, पण सर्व दुकानांना एकच नियम लागला तो कायद्याने.

दुसरी, फेकण्याची किंमत. लँडफिलमध्ये जाणाऱ्या कचऱ्यावर २००९ मध्ये टनामागे १० डॉलर कर होता. घरगुती कचरा घेणाऱ्या लँडफिलवर तो १ जुलै २०२४ पासून ६० डॉलर झाला. फेकणे महाग झाले की कंत्राटदारही लाकूड आणि काँक्रीट वेगळे काढू लागतो.

तिसरी आणि सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे कायदा. जुन्या टायरांचे ढीग हा आरोग्याचाही प्रश्न आहे. त्यांत पाणी साचून डास होतात आणि आग लागली तर विषारी धूर होतो. मार्च २०२४ पासून नव्या टायरच्या किमतीतच शुल्क घेतले जाऊ लागले. मोटारीच्या टायरमागे ते ६.६५ डॉलर अधिक जीएसटी असे ठरले. त्या पैशातून जुने टायर गोळा होऊ लागले.

शीतपेयांच्या बाटल्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. साउथ ऑस्ट्रेलियात १९७७ पासून रिकाम्या बाटलीचे पैसे परत मिळतात आणि २०२५ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत ही सोय झाली. न्यूझीलंडने तशीच योजना आखली होती, पण महागाईचे कारण देऊन मार्च २०२३ मध्ये ती लांबणीवर टाकली. कंपन्या त्याच, पेये तीच. समुद्रापलीकडे त्या रिकाम्या बाटलीचा हिशेब ठेवतात, इथे ठेवत नाहीत. फरक फक्त कायद्याचा.

कोणी म्हणेल, कंपनी हा खर्च शेवटी आपल्याच खिशातून काढणार. खरे आहे. पण आजही तो आपणच भरतो, फक्त रेट्सच्या बिलात दिसत नाही. जो शीतपेय पीत नाही तोही भरतो. ठेव असली तर बाटली परत करणाऱ्याचे पैसे परत येतात आणि भार वापरणाऱ्यावरच पडतो.

मग जॉन्सनव्हिलमधल्या कुटुंबाने काय करावे? खरेदी करताना डब्याखालचा आकडा पाहावा. फेब्रुवारी २०२४ पासून देशभर घरगुती पुनर्वापराच्या डब्यात १, २ आणि ५ क्रमांकाचेच प्लॅस्टिक घेतात. नवे टायर घेताना बिल वाचावे. योजनेत नोंदलेल्या दुकानात जुन्या टायरसाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. आणि सरकार किंवा कौन्सिल सूचना मागवील तेव्हा चार ओळी अवश्य लिहून पाठवाव्यात. पेयांच्या कंपन्या आपले म्हणणे मांडायला कधी विसरत नाहीत. आपणही विसरू नये.