धृपद धरणारे तुकोबा

घरात मोठे दुखणे आले, कर्ता माणूस गेला, की मनात पहिला प्रश्न येतो, ‘देवा, माझ्याच वाट्याला का?’

हे विचारण्याचा अधिकार तुकोबांना आपल्याहून किती तरी जास्त! १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. देहूचे हे सुखवस्तू घर. पण व्यापार बुडाला, पत गेली आणि दोन बायकांपैकी एक अन्नावाचून गेली. ही ऐकीव गोष्ट नव्हे; तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगितली आहे.

आणि पुढे काय सांगतात? असे का झाले, याचा खुलासा तिथे नाही. देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करावेसे वाटले. एकादशीला कीर्तन करू लागले. आधी चित्त अभ्यासात नव्हतेच! मग संतांची काही वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांचे धृपद धरले. स्वप्नातला गुरूपदेश, कवित्वाची स्फूर्ती, हे सारे त्यानंतरचे. वाट आधी दिसली नाही. हातातले काम मात्र दिसले.

दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडले, ते बरेच झाले, असेही तुकोबा दुसरीकडे म्हणतात. पण वाचकहो, ते स्वतःच्या दुःखाविषयी! शेजारच्या घरी ही पहिली दिवाळी सुनी असेल, तुम्ही फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ हे वाक्य घरीच ठेवा. ताट द्या, आणि घटकाभर बसा.