धोका दोराचा नव्हे, दुर्लक्षाचा

ठाण्याच्या बाळकुम परिसरात १० सप्टेंबर २०२३ रोजी बहुमजली इमारतीच्या बांधकामावरील लिफ्ट कोसळून सात कामगारांचा बळी गेला. बांधकामावरची लिफ्ट आणि रहिवासी इमारतीतील लिफ्ट यांची रचना भिन्न असते. तरीही अशा दुर्घटनेनंतर सामान्यांच्या मनात एकच शंका येते, ती म्हणजे दोर तुटला तर? पुनर्विकासामुळे चार मजली चाळी-इमारतींतील ज्येष्ठ रहिवासी विसाव्या मजल्यावर राहू लागले असताना ही शंका तपासून पाहणे अगत्याचे आहे.

उंच इमारतींत प्रामुख्याने दोरावर चालणाऱ्या लिफ्ट असतात. पोलादी दोरांच्या एका टोकाला पिंजरा, तर दुसऱ्या टोकाला तोलाचे वजन असते. हे वजन रिकाम्या पिंजऱ्याच्या वजनात पूर्ण भाराच्या सुमारे ४० ते ५० टक्के मिळवून ठरवतात. त्यामुळे मोटारीला दोन्ही बाजूंतील फरकच ओढावा लागतो. दोर एक नसून अनेक असतात. पिंजऱ्याचा वेग मर्यादेबाहेर गेलाच, तर गव्हर्नर नावाची यंत्रणा पिंजऱ्याखालील पकडी आवळते आणि पिंजरा उभ्या रुळांना जखडला जातो. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः फलाटावर उभे राहून दोर कापायला लावला होता, तो अशाच सुरक्षा-पकडीचे सामर्थ्य दाखवण्यासाठी.

कमी मजल्यांसाठी हायड्रॉलिक लिफ्ट वापरतात. तेलाच्या दाबाने दट्ट्या वर सरकतो आणि पिंजरा उचलला जातो. तिचा वेग मात्र कमी असतो. गेल्या काही दशकांत रूढ झालेल्या तिसऱ्या प्रकारात छोटी मोटार डक्टमध्येच बसवल्याने गच्चीवरील मशिनरूमची गरज उरत नाही.

मग धोका कुठे आहे? तो ब्रेक आणि दरवाजा या दोन ठिकाणी आहे. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप लागतो. परंतु त्याची अस्तरे झिजली, तर थांबलेला पिंजरा सरकू शकतो. आत एक-दोनच माणसे असतील तर तोलाचे वजन जड ठरते आणि पिंजरा वर जातो. जुन्या लिफ्टमधील पकड मात्र बहुधा खाली जाणारा पिंजराच रोखते. दुसरा धोका दरवाजाच्या इंटरलॉकचा. दार उघडे असताना लिफ्ट हलू नये आणि पिंजरा नसताना मजल्यावरचे दार उघडू नये, हे इंटरलॉकचे काम. तो बिघडला वा कोणी 'तात्पुरता' निकामी केला, तर पुढचे पाऊल थेट डक्टमध्ये पडते. दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टमधून उडी मारणेही म्हणूनच घातक. अडकलेल्या पिंजऱ्यात थांबून मदत बोलावणेच सुरक्षित असते.

राज्यात १९३९ च्या जुन्या कायद्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. लिफ्टसाठी परवाना आणि सरकारी तपासणी बंधनकारक आहे. परंतु निरीक्षक काही रोज येत नाही. त्यामुळे दैनंदिन सुरक्षा देखभालीच्या वार्षिक कंत्राटावरच विसंबून राहते. हे कंत्राट सर्वसाधारण सभेत केवळ सर्वात कमी दर पाहून मंजूर होत असेल, तर लॉबीच्या सजावटीवर हात सैल सोडणाऱ्या सोसायट्यांनी ब्रेकच्या अस्तरांचा हिशेबही एकदा मागायला हवा.