फसलेल्याचीच उलटतपासणी

जानेवारी 2025 मध्ये टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीचं दादरचं दालन बंद पाहून गुंतवणूकदारांनी बाहेर गर्दी केली आणि संध्याकाळपर्यंत गावभर निकालही लागला: हाव होती, म्हणून फसले. या म्हणण्याचा युक्तिवाद असा. मोइसनाइटच्या खड्यावर दर आठवड्याला परतावा देणारा धंदा जगात आहे कुठे? बँक वर्षाला देते तेवढं इथे आठवड्याला मिळत होतं, तेव्हा शंका का आली नाही? आणि आता अशांसाठी पोलीस, न्यायालयं, करदात्यांचा पैसा का खर्चावा?

प्रश्न रास्त वाटतात, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. हाव होती, हे मान्यच करू. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक ठरते ती फसवणाऱ्याच्या अप्रामाणिक हेतूवरून. फसलेला साधू होता की लोभी, असं ते कलम विचारतच नाही. शिवाय अशा योजना सुरुवातीला पैसे देतात, अगदी वेळेवर देतात. शेजारणीच्या खात्यात दर आठवड्याला रक्कम जमा होताना दिसली की त्या रकमेलाच पुरावा मानलं जातं. तसं मानलं जावं, यासाठीच ती रक्कम दिलेली असते.

आणि जिथे हाव नव्हती तिथलं काय? पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना होता. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढण्याची मुभा उरली. पेन्शनचे पैसे साध्या बचत खात्यात ठेवणाऱ्याला कोणत्या लोभाची शिक्षा झाली होती? त्या वेळीही ‘एवढे पैसे एकाच बँकेत ठेवलेच कशाला’ असं विचारणारे निघाले होतेच. फसलेल्याला दोष द्यायचा असं एकदा ठरलं की कारण सापडतंच.

या टोमण्याचा फायदा फसवणाऱ्याला होतो, हे मात्र कोणी बोलत नाही. माणूस लाजेनं गप्प बसतो, घरात सांगत नाही, तक्रार लांबते. दरम्यान पैसा खात्यांमधून फिरून परदेशी जातो. जप्तीचा उपयोग जप्त करण्याजोगं काही उरलेलं असेतोच.

दुसरा आक्षेप म्हणीतूनच येतो: शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. पण इथे पायरी चढून मिळण्यासारखं बरंच आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, संचालकांवर गुन्हा नोंदवायला तर लावतोच, शिवाय त्यांची मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याकडे सोपवतो आणि तिच्या विक्रीतून ठेवीदारांना वाटप करायला लावतो. कायदा चुकवण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर केलेली मालमत्ताही सुटत नाही. त्यातली ‘ठेवी’ची व्याख्या तर खास वाचण्यासारखी आहे. घेतलेल्या पैशाची परतफेड रोखीत, वस्तूत किंवा सेवेत, कशातही कबूल केलेली असली तरी ती ठेवच. ‘आम्ही ठेव घेतली नाही, खडे विकले’ ही पळवाट तिथे टिकणं अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयानंही हा कायदा वैध ठरवला आहे.

वकिलाचा खर्च? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. सायबर फसवणूक असेल तर 1930 वर लगेच फोन करावा. तिथे उशीर फार महाग पडतो.

जप्तीनंतरचे लिलाव रेंगाळतात, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि सरकारला झोडपायचं तर त्यासाठी झोडपावं. जप्त मालमत्तेची यादी, किंमत आणि विक्रीची तारीख ठेवीदाराला तहसील कचेरीतच वाचायला मिळायला हवी.

राहिला एजंट. कमिशनसाठी नातेवाइकांना ओढून आणणारा आणि नंतर स्वतःच पीडितांच्या रांगेत उभा राहणारा हा माणूस प्रत्येक प्रकरणात असतो. अशी साखळी चालवणाऱ्याला आणि तिच्यात लोकांना भरती करणाऱ्याला 1978 चा प्राइझ चिट्स व मनी सर्क्युलेशन बंदीचा कायदा आरोपी करू शकतो. त्याची चौकशी जरूर व्हावी. ती आर्थिक गुन्हे शाखेनं पावत्या आणि बँकेचे उतारे समोर ठेवून करावी. सोसायटीच्या जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यानं करू नये.