पुसट अनुस्वाराची फिर्याद

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ज्यांच्या दोन-दोन पिढ्यांनी चाकरी केली, अशा येथील मराठी कुटुंबांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते: वडिलांसाठी मोठ्या हौसेने नवा, ऐसपैस मॉनिटर आणला, आणि त्यावरचा मजकूर मात्र जुन्या पडद्यापेक्षाही अंधूक दिसतो. या फिर्यादीचा निकाल बहुधा दोनच प्रकारे लागतो. एक तर ज्येष्ठांच्या मोतीबिंदूवर संशय घेऊन त्यांना नेत्रवैद्याकडे रवाना करण्यात येते, नाही तर मॉनिटरच सदोष ठरवून तो परत करण्याची तजवीज होते. माझे मत असे की, डोळे आणि यंत्र हे दोन्ही आरोपी बहुतेक प्रसंगी निर्दोष असतात. दोष घडलेला असतो तो पडदा लावून देणाऱ्याच्या हातून, आणि तोही निव्वळ सद्भावनेने.

टाउनशिपमधील एका निवृत्त गृहस्थांच्या घरी हा प्रकार मी जवळून पाहिला. अक्षरे फार बारीक दिसतात असे त्यांनी म्हणताच, जोडणीला आलेल्या तरुणाने तत्परतेने रेझोल्यूशन 1920 × 1080 वरून 1366 × 768 वर उतरविले. अक्षरे मोठी झाली, काकांचे समाधान झाले, पावती फाडली गेली. पुढे नागपूरच्या दैनिकाची आवृत्ती त्या पडद्यावर उघडली, तेव्हा 'कर्ज' या शब्दावरील रफार शिरोरेषेत विरून गेलेला, 'घ' आणि 'ध' यांतील भेद केवळ संदर्भाने ओळखावा असा, आणि अनुस्वाराच्या जागी एक राखी डाग. इंग्रजी अक्षराची आकृती मोकळी असल्यामुळे ते असा जुलूम काही काळ निभावून नेते. परंतु ज्या लिपीत वर, खाली आणि पोटातही चिन्हांची दाटी आहे आणि एका टिंबावर अर्थ अवलंबून आहे, तिची अब्रू प्रथम जाते. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी आणि सुलेखनकाराने रेखिलेला 'मंगल' हा टंक विंडोज 2000 पासून संगणकांबरोबर घरोघर पोहोचला. तो कितीही विचारपूर्वक रेखिलेला असला तरी विस्कटलेल्या बिंदूंवर त्याचा इलाज चालत नाही.

बिंदू विस्कटतात कसे, हे समजण्यास अवघड नाही. 1920 × 1080 च्या पडद्यावर 20,73,600 बिंदू कायमचे बसविलेले असतात. त्यांची संख्या सेटिंग्जमधून कमी होत नाही की वाढत नाही. त्यास 1366 × 768 चे चित्र दिले, म्हणजे जवळजवळ निम्म्या बिंदूंचा ऐवज सर्व जागेवर पसरावा लागतो, आणि चित्राचा एकेक बिंदू आडव्या आणि उभ्या अशा प्रत्येक दिशेने पडद्याच्या सुमारे 1.4 बिंदूंच्या वाट्याला येतो. चार दशांश बिंदू उजळण्याची सोय कोणत्याही यंत्रात नसल्यामुळे पडदा शेजारच्या बिंदूंत काळ्या-पांढऱ्याचे मिश्रण करून वेळ मारून नेतो, आणि त्या मिश्रणालाच आपण धूसरपणा म्हणतो. जुन्या, पाठीमागे पोट सुटलेल्या काचनळीच्या मॉनिटरची गोष्ट निराळी होती. तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर चित्र आखीत असे आणि कोणत्याही एकाच संख्येशी तो बांधलेला नसे. त्यामुळे 1024 × 768 ऐवजी 800 × 600 केले की अक्षर मोठे होई आणि त्याचे फारसे बिघडत नसे. त्या काळी पडलेला हा दस्तूर काचनळी गेल्यावरही कायम राहिला, म्हणूनच अनुभवी म्हणविणारी माणसेही हा उपाय इतक्या निःशंकपणे करतात.

योग्य उपाय सेटिंग्जच्या त्याच पानावर, दोन बोटांच्या अंतरावर असतो. रेझोल्यूशन 'रेकमेंडेड' असे लिहिलेले आहे तेच ठेवावे, आणि अक्षर मोठे हवे असल्यास स्केलिंग 125 किंवा 150 टक्के करावे, म्हणजे पडद्याचे सगळे बिंदू कामास लावून तेच अक्षर मोठ्या आकारात नव्याने रेखिले जाते. काही जुने प्रोग्रॅम स्केलिंगला दाद देत नाहीत आणि तेवढ्यापुरते धूसर दिसतात, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांच्यासाठी सबंध पडद्यास शिक्षा करणे हा इन्साफ नव्हे. लॅपटॉपला मॉनिटर जोडून दोहोंवर तेच चित्र उमटविले असेल, तर लहान पडद्याचे माप मोठ्यावर लादले जाते. तेथे 'एक्स्टेंड' निवडावे. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल अद्याप वापरात असेल तर ती बदलून एचडीएमआय लावावी. एवढे करूनही कडा कापल्या जात असतील, तर मॉनिटर स्वतःस दूरदर्शन संच समजत आहे असे जाणावे आणि त्याच्याच मेनूत चित्राचे माप दुरुस्त करावे.

ज्या गावात 1959 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि जेथून आजही रेल्वेचा रूळ अल्ट्रासोनिक तपासणीवाचून बाहेर पडत नाही, त्या गावात हजारो रुपयांचा पडदा मात्र कोणत्याही खातरजमेवाचून घरोघर पोहोचतो, याचे मला नवल वाटते. विक्रेत्याने पावतीवर पडद्याचे मूळ रेझोल्यूशन लिहून द्यावे, आणि लावून देणाराने ते ग्राहकासमक्ष उघडून दाखवावे, एवढीच माझी मागणी आहे. वेळ नाही ही सबब मला मान्य नाही. फिर्याद आल्यावर दुसरी खेप घालण्यास जो वेळ लागतो, त्याच्या अंशभरही हे काम नाही.

ग्राहकानेही दुकानात पोपट, धबधबे आणि फुलांचे ताटवे पाहून भुलू नये, कारण हलत्या चित्रात पुसटपणा सहसा दिसत नाही. त्याने मराठी दैनिकाचे पान उघडावयास सांगावे आणि नेहमीच्या अंतरावर बसून ते वाचावे. विशेषतः 27 इंची मॉनिटर घेणाराने ही तसदी घ्यावीच, कारण तेच 1920 × 1080 बिंदू तेवढ्या रुंदीवर पसरले की इंचाला सुमारे 82 च पडतात, 24 इंचीत ते 92 च्या आसपास असतात. आणि त्या विरळपणावर कोणत्याही सेटिंगचा उपाय नाही.